आपला करार, तिसऱ्याची फूस: आलमबागेतल्या व्यापारासाठी दिवाणी दाव्याची वाट

उत्तर प्रदेशात माल विकणाऱ्या मराठी उद्योजकांकडून एक प्रश्न वरचेवर येतो. लखनौमध्ये दुकान थाटून बसलेले मराठी व्यावसायिकही तोच विचारतात आणि त्यांत सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीतून गेलेले गलाईवालेही (सोने-चांदी शुद्ध करणारे) असतात. प्रश्न असा: “आमचा करार चालू होता. मध्येच तिसऱ्याने आमच्या वितरकाला फोडले. वितरकावर कारवाई करता येईल हे कळते, पण फोडणाऱ्याचे काय? त्याच्यावर दावा कुठे लावायचा, कोणत्या कलमाखाली, आणि त्यातून हाती काय लागणार?”

दावा लावता येतो. मात्र त्याला दोन गोष्टी लागतात: त्या तिसऱ्याला तुमचा करार माहीत होता याचा पुरावा, आणि वेळेचे भान. वितरकावर करारभंगाचा दावा लावायला तुम्हाला तीन वर्षे मिळतात. करार मोडायला लावणाऱ्याकडून भरपाई मागायला मिळते फक्त एक वर्ष. पुष्कळ लोक पहिली मुदत दुसऱ्यालाही लागू धरतात आणि हक्क गमावून बसतात.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तुमचा सांगलीत हळद दळून पाकिटबंद करण्याचा कारखाना आहे. लखनौच्या आलमबागेतल्या एका वितरकाशी तुमचा दोन वर्षांचा लेखी करार आहे: त्याने दरमहा ठरावीक माल उचलायचा आणि मुदतीत दुसऱ्याची हळद विकायची नाही. आठव्या महिन्यात एक स्पर्धक त्याला म्हणतो, “त्यांना सोड, दंड पडला तर आम्ही भरू.” वितरक माल उचलणे थांबवतो. आता पुढे काय?

आधी तपासा: तुमची तक्रार या चौकटीत बसते का?

“कोणत्या कलमाखाली?” या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, भारतात या चुकीची व्याख्या देणारे स्वतंत्र कलम नाही. हा दिवाणी अपकृत्याचा प्रकार आहे. इंग्लंडमधल्या १८५३ च्या ‘लमली विरुद्ध गाय’ या खटल्यापासून तो मान्य झाला आणि आपल्या न्यायालयांनीही स्वीकारला. ‘एखाद्याला वादीशी केलेला करार मोडण्यास प्रवृत्त केल्याबद्दल भरपाई’ अशा दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यात नमूद आहे, म्हणजे कायद्यालाही हा दावा ओळखीचा आहे.

न्यायालयापुढे पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात:

1. वैध करार अस्तित्वात होता. लेखी असेल तर उत्तम. तोंडी करारही चालतो, पण त्याच्या अटी बिले, ऑर्डरी, संदेश आणि बँकेतल्या नोंदी यांतून उभ्या कराव्या लागतात.
2. तिसऱ्याला तो करार माहीत होता. प्रत्येक अट तोंडपाठ असायची गरज नाही. पण निव्वळ “बाजारात सगळ्यांनाच ठाऊक होते” यावर भागत नाही.
3. त्याने जाणूनबुजून करार मोडायला लावले. आमिष, दबाव, धमकी, खोटी माहिती किंवा “दंड आम्ही भरू” अशी हमी यांपैकी काहीतरी दाखवावे लागते.
4. करार खरोखरच मोडला गेला. प्रयत्न झाला पण वितरक बधला नाही, तर भरपाईचा दावा सहसा उभा राहत नाही. धोका चालू असेल तर मनाई हुकूम मात्र मागता येतो.
5. त्यातून तुमचे नुकसान झाले. ते आकड्यांत दाखवावे लागते.

पाचपैकी दुसरी गोष्ट बहुतेक दाव्यांत कच्ची असते. ती पक्की कशी करायची, ते पुढे येतेच.

राग येतो, पण दावा होत नाही

- स्पर्धकाने फक्त कमी भाव दिला. तुमच्या कराराची त्याला कल्पना नसेल आणि वितरक आपणहून वळला असेल, तर ती स्पर्धा आहे. तुमची तक्रार वितरकापुरतीच राहते.
- करार संपलेला होता. मुदत संपल्यावरही वितरकाने इतरांचा माल विकू नये, अशी अट अनेक करारांत असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे ती सहसा टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि मुंबईची पर्सेप्ट डीमार्क कंपनी यांच्या वादात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले. मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा देकार स्वीकारण्याआधी आम्हाला संधी द्यावी, ही पर्सेप्टची अट न्यायालयाने लागू केली नाही.
- कराराप्रमाणे सूचना देऊन वितरक बाहेर पडला. तीस दिवसांच्या सूचनेने करार संपवण्याची मुभा असेल आणि त्याने ती रीतसर वापरली असेल, तर भंगच झालेला नाही.
- करार व्हायचाच होता. बोलणी चालू असताना गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, तर ‘मोडायला’ काही नव्हते.
- तुमचा माणूस जास्त पगारावर गेला. नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य न्यायालये जपतात. पेप्सीने कोकाकोलाविरुद्ध माणसे आणि व्यवसायातले लोक फोडल्याची तक्रार केली होती. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला.

करार चालू असतानाचे बंधन मात्र वेगळे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोटा शहरातल्या स्पर्धक कारखान्यात गेला. उरलेल्या मुदतीपुरती त्याला घातलेली मनाई १९६७ मध्ये ‘गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी’ या निकालाने कायम झाली. १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोकाकोला यांच्या वादातही कराराच्या मुदतीतले बंधन सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा: ज्या दिवशी फूस लावली गेली, त्या दिवशी करार चालू होता का?

दावा कोणावर? तीन पर्याय

फक्त वितरकावर. करारभंग सिद्ध करणे तुलनेने सोपे. तिसऱ्याविरुद्ध पुरावा कच्चा असेल तर इथेच थांबणे शहाणपणाचे. करारात लवादाचे कलम असेल, तर हा वाद न्यायालयाऐवजी लवादापुढे जाईल.

फक्त तिसऱ्यावर. वितरकाशी संबंध पुन्हा जुळण्याची आशा असेल, किंवा तोच साक्ष द्यायला तयार असेल, तर हा पर्याय उपयोगी. फोडणाऱ्याने काय शब्द दिला होता, हे वितरकाइतके चांगले कोण सांगणार?

दोघांवर. एकाच घटनाक्रमातून उभ्या राहिलेल्या मागण्या एका दाव्यात मांडता येतात. भरपाई मात्र एकाच नुकसानीची दोनदा मिळत नाही. लवादाचे कलम असेल तर अडचण होते. करारावर सही नसलेल्या तिऱ्हाइताला सहसा लवादापुढे नेता येत नाही, आणि वितरक न्यायालयात “लवादाकडे पाठवा” असा अर्ज देतो. वकिलाकडे जाताना हे कलम आधी दाखवा.

एक फरक लक्षात ठेवा. वितरकाने आधी उचललेल्या मालाचे पैसे थकवले असतील, तर ती वेगळी वसुली आहे. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल, तर २००६ च्या कायद्याखाली सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते. पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार असतो, म्हणजे या वसुलीसाठी लखनौ गाठायची गरज नाही. फोडणाऱ्याविरुद्ध मात्र हा मार्ग चालत नाही.

मुदत: एक वर्ष, तेही भंगाच्या दिवसापासून

मुदत कायद्याच्या अनुसूचीतील अनुच्छेद ७८ प्रमाणे करार मोडायला लावणाऱ्याविरुद्ध भरपाईचा दावा करारभंगाच्या तारखेपासून एक वर्षात दाखल व्हायला हवा. करारभंगाच्या दाव्याला अनुच्छेद ५५ प्रमाणे तीन वर्षे मिळतात. यातल्या अडचणीच्या जागा अशा:

- वर्ष मोजायचे ते भंग झाला त्या दिवसापासून. तुम्हाला कळले तो दिवस सहसा धरला जात नाही. प्रतिवादीने कपटाने बाब लपवून ठेवली असेल, तर कलम १७ चा आधार घेता येतो, पण लपवाछपवी तुम्हालाच सिद्ध करावी लागते.
- वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. “बघू, बसून बोलू” अशा निरोपांनीही नाही.
- उशीर माफ करण्याची कलम ५ ची सोय अपील आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही.
- शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. त्यावर विसंबू नका.
- तिसरा पक्ष सरकारी खाते असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मुदतीतून वगळला जातो. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो.

भंगाची तारीख नेमकी कोणती, यावरच पुढे वाद होतो. वितरकाने पहिला हप्ता उचलला नाही तो दिवस, की “यापुढे माल नको” असे कळवले तो? सावध माणूस यातली सर्वांत आधीची तारीख धरतो आणि तिथून वर्ष मोजतो.

संशय आल्यापासून पहिल्या पंधरवड्यात

१. तिसऱ्याला लेखी कळवा. सबंध प्रकरणातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक पाऊल हेच. पत्रात एवढेच लिहा: अमुक वितरकाशी आमचा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत करार चालू आहे, मुदतीत तो इतरांचा माल विकणार नाही असे त्यात ठरले आहे, आपण त्यात हस्तक्षेप करू नये. शिवीगाळ नको, पोलिसांची धमकी नको, कराराची पूर्ण प्रत नको. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा, ईमेलही करा. या पत्रानंतरही त्याने उद्योग चालू ठेवला, तर “मला करार माहीत नव्हता” हा त्याचा मुख्य बचाव पुढच्या काळासाठी निकामी होतो.

२. वितरकालाही पत्र द्या. करार पाळा, आम्ही माल द्यायला तयार आहोत, असे कळवा. माल पाठवण्याची तयारी कागदावर नसेल, तर “त्यांनीच पुरवठा थांबवला” असा उलटा आरोप ठरलेला.

३. पुरावा आहे तसा गोठवा. खालील गोष्टी एका जागी जमवा:

- मूळ करार, मुद्रांक आणि सह्यांसह. पुरेसा मुद्रांक नसलेला करार कमी पडलेले शुल्क व दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.
- जीएसटी बिले, ई-वे बिले, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या गोदामाच्या पोचपावत्या.
- महिनावार विक्रीचा तक्ता, भंगाआधीचा आणि नंतरचा.
- व्हॉट्सअॅप संदेश, ईमेल, कॉल रेकॉर्डिंग. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका.
- दुकानातल्या स्पर्धकाच्या मालाची तारखेसह छायाचित्रे, आणि शक्य असेल तर खरेदीचे बिल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात आणायच्या तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात. एक उपकरण सांभाळणाऱ्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. नुसते स्क्रीनशॉट छापून जोडल्याने काम होत नाही.

४. मराठी कागदांचे भाषांतर करून घ्या. लखनौच्या न्यायालयात काम हिंदी-इंग्रजीत चालते. सांगलीच्या कार्यालयातली मराठी नोंदवही, मराठी संदेश यांचे भाषांतर जोडावे लागते. ऐनवेळी केलेल्या घाईच्या भाषांतरातली एक चूक उलटतपासणीत तासभर खाते.

कोणते न्यायालय: सांगली की लखनौ?

प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथे. किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडले, तिथे दावा लावता येतो. संहितेच्या कलम २० चे सार एवढेच. आपल्या उदाहरणात फूस आलमबागेत लावली गेली, करार तिथेच मोडला, वितरकही तिथलाच. म्हणून लखनौ हे सर्वांत निर्धोक ठिकाण.

“पण आमच्या करारात ‘फक्त सांगली न्यायालय’ असे लिहिले आहे,” असे अनेक जण म्हणतात. ती अट करारावर सही करणाऱ्यांना बांधते, फोडणाऱ्या तिऱ्हाइताला नाही. करार सांगलीत झाला म्हणून कारणाचा काही भाग तिथे घडला, असा युक्तिवाद करता येतो. पण अधिकारक्षेत्राच्या भांडणातच वर्ष संपण्याचा धोका असतो. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो, तरी मुद्दाम त्या वाटेला जाऊ नये.

लखनौचे जिल्हा न्यायालय कैसरबागेत आहे, भातखंडे यांच्या नावाचे संस्कृती विद्यापीठ ज्या भागात आहे तिथेच. उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठ गोमतीनगरात बसते, पण तुमचा मूळ दावा कैसरबागेतून सुरू होईल. महाराष्ट्रातला वकील तुमचे कागद तयार करू शकतो. तारखांना उभा राहणारा वकील मात्र तिथलाच हवा.

व्यापारी न्यायालय की साधे दिवाणी? वाद ‘व्यापारी वाद’ असेल आणि मूल्य तीन लाख रुपये किंवा जास्त असेल, तर २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा लागतो. माल-विक्री आणि वितरण करारांतून निघालेले वाद त्याच्या यादीत आहेत. तुमचा दावा तिऱ्हाइताविरुद्ध असल्याने तो ‘करारातून निघालेला’ आहे का, यावर समोरचा हरकत घेऊ शकतो. हा निर्णय वकिलाने कारणासहित घ्यावा, कारण पुढची सगळी प्रक्रिया त्यावर ठरते. व्यापारी न्यायालयात तुमच्या हातातले सगळे कागद दाव्यासोबतच द्यावे लागतात. प्रतिवादीलाही समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत द्यावीच लागते, नंतर ती घेतली जात नाही.

दाव्याआधी मध्यस्थी लागते का?

व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केले. मध्यस्थी टाळून लावलेला दावा सुरुवातीलाच फेटाळला जाऊ शकतो.

- अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.
- मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. तरी अकराव्या महिन्यात अर्ज करण्याइतके धाडस नको.
- तडजोड झाली तर ती लेखी आणि सह्यांसह करा. ती लवादाच्या निवाड्यासारखी अमलात आणता येते.
- मध्यस्थी चुकवण्यासाठी खोटीच ‘तातडी’ दाखवू नका. न्यायालय दावा, कागद आणि घटनाक्रम पाहून ती खरी आहे का ते तपासते.

वादपत्रात काय हवे

वकील वादपत्र लिहितो, पण माहिती तुम्ही देता. त्याच्यासमोर बसण्याआधी एका कागदावर तारीखवार क्रम लिहून काढा: करार केव्हा झाला, पहिला माल केव्हा गेला, संशय केव्हा आला, पत्र केव्हा पाठवले, भंग केव्हा झाला. वादपत्रात पुढील गोष्टी सुट्या सुट्या याव्यात:

- वादी कोण. एकल मालकी असेल तर दावा मालकाच्या नावाने; दुकानाचे नाव ही स्वतंत्र व्यक्ती नाही. कंपनी असेल तर सही करणाऱ्याच्या अधिकाराचा ठराव. भागीदारी असेल तर फर्मची नोंदणी; नोंदणी नसलेली फर्म करारातला हक्क बजावण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही.
- कराराची तारीख, मुदत आणि मोडलेल्या अटी.
- तिसऱ्याला करार कसा आणि केव्हापासून माहीत होता.
- त्याने नेमके काय केले: कोणी, कोणाला, केव्हा, काय सांगितले. “संगनमत केले” एवढे एक वाक्य पुरत नाही.
- भंगाची तारीख, आणि दावा मुदतीत कसा आहे.
- नुकसानीचा हिशेब.
- सगळ्या मागण्या एकदाच. भरपाई, कायमची मनाई, व्याज, खर्च. आज फक्त मनाई मागून भरपाई मागे ठेवली, तर नंतर त्याच कारणावर ती मागायला संहितेचा आदेश २, नियम २ आडवा येतो. मागे ठेवायचीच असेल, तर न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

कोर्ट फी मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात बसते आणि प्रत्येक राज्याचे दर वेगळे असतात. म्हणून फुगवलेला आकडा आधी तुमच्याच खिशाला बसतो.

मनाई हुकूम: कधी मिळतो, कधी नाही

निकालाला वेळ लागतो. हस्तक्षेप चालूच असेल, तर संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. न्यायालय तीन गोष्टी पाहते: तुमची बाजू प्रथमदर्शनी खरी वाटते का, हुकूम न दिल्यास कोणाची गैरसोय जास्त, आणि होणारी हानी पैशांनी भरून येण्यासारखी आहे का.

तिसऱ्या मुद्द्यावर बरेच अर्ज अडतात. “दरमहा दोन लाखांचे नुकसान होते आहे,” असे तुम्हीच लिहिले, तर न्यायाधीश म्हणतील, मग निकालात पैसेच घ्या. पैशांत न मोजता येणारे काय आहे ते दाखवा: नव्या बाजारपेठेत बसवलेले नाव, इतर वितरकांवर होणारा परिणाम, गोपनीय दरपत्रक किंवा मिश्रणाची कृती हाती लागणे.

- उशीर करू नका. चार महिने गप्प बसून आलेल्याची तातडी कोणाला पटत नाही.
- काही लपवू नका. तुम्हीच दोन महिने माल पाठवला नसेल तर ते आधीच सांगा. दिलासा मागणाऱ्याचे स्वतःचे वागणे तपासले जाते, हे गुजरात बॉटलिंगच्या निकालातही स्पष्ट आहे.
- एकतर्फी हुकूम मिळाल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज आणि कागदांच्या प्रती समोरच्याला पाठवाव्या लागतात. हे पाळले नाही तर हुकूम उठू शकतो.
- हुकूम मोडला तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

मागणी मोजकी ठेवा. “प्रतिवादीने लखनौत हळद विकू नये” अशी मागणी टिकणार नाही. “आमचा करार चालू असेपर्यंत या वितरकाला तो मोडण्यास प्रवृत्त करू नये” ही टिकू शकते.

नुकसान कसे मोजाल

उलाढाल म्हणजे नुकसान नव्हे. दरमहा पाच लाखांचा माल जात होता म्हणून पाच लाख मागू नका. कच्चा माल, दळण, पॅकिंग, वाहतूक वजा जाता जो निव्वळ नफा राहिला असता, तोच मोजायचा, तोही कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता. मागच्या बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे आणि सीएचे प्रमाणपत्र हा हिशेब उभा करतात. वितरकासाठी खास छापलेली पाकिटे, आगाऊ घेतलेले गोदाम, पडून खराब झालेला माल हे वेगळे दाखवा.

नुकसान कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही केला का, हेही विचारले जाते. नवा वितरक शोधल्याचे संदेश, दिलेल्या जाहिराती जपून ठेवा. नवा वितरक मिळाला तर तेवढी भरपाई घटते. फोडणाऱ्याच्या वह्यांत व्यवहार दिसत असेल, तर ती कागदपत्रे हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता येतो.

पोलिसांकडे जावे का?

“आधी एफआयआर करू, म्हणजे तो ताळ्यावर येईल,” हा सल्ला सर्रास मिळतो. तो धोक्याचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याच्या उत्तर प्रदेशातल्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने अतिशय कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. अशी तक्रार रद्द होते, वेळ जातो, आणि एक वर्षाचे घड्याळ चालूच राहते. जिवाची धमकी, खोट्या सह्या, बनावट कागद, मालाची चोरी असे काही खरोखर घडले असेल, तर त्या गुन्ह्याची तक्रार जरूर करा, पण दिवाणी दाव्याऐवजी नव्हे.

तुमचे हक्क, जे अनेकांना ठाऊक नसतात

- महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही.
- दावा चालू असताना केव्हाही तडजोड करता येते. लोकअदालतीत मिटल्यास कोर्ट फी परत मिळते. तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.
- तुम्हीच फोडणारे ठरवले जाल अशी भीती असेल, तर कॅव्हेट दाखल करा. नव्वद दिवस तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी हुकूम सहसा निघत नाही.
- प्रकरणाची तारीख आणि आदेश ई-कोर्ट सेवेवर पाहता येतात. प्रत्येक तारखेचा आदेश स्वतः वाचा.

दावा लावायचा की नाही?

तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. भंगाच्या दिवशी करार चालू होता का? तिसऱ्याला तो माहीत असल्याचा एक तरी लेखी पुरावा आहे का? हरवलेला निव्वळ नफा हा कोर्ट फी, वकील आणि सांगली-लखनौच्या फेऱ्यांच्या खर्चापेक्षा ठळकपणे जास्त आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर थांबू नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर वितरकापुरता दावा ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचे ‘नाही’ असेल, तर एक कडक पत्र, मध्यस्थी आणि नवा वितरक हाच फायद्याचा सौदा.

आणि पुढचा करार करताना चार ओळी वाढवा: मुदतीपुरते स्पर्धक-मालाचे बंधन, भंग झाल्यास ठरलेली वाजवी रक्कम, बाहेरून देकार आल्यास तो लेखी कळवण्याची अट, आणि लवाद हवा की न्यायालय याचा स्पष्ट उल्लेख. यातली तिसरी अट सर्वांत उपयोगी. देकार आल्याचे वितरकाने कळवले की तुम्ही त्याच दिवशी त्या तिसऱ्याला पत्र धाडू शकता, आणि बऱ्याचदा प्रकरण कैसरबागेपर्यंत जातच नाही.